फिश ओके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. तुला सांगतेय कारण तू मला ओळखत नाहीस. ऐकून तोंड फिरवलंस तरी चालेल— फिरवच.

कुठून सुरू करू? शिकलेल्या बायका कशा नीट ओळीने सांगतात. मी बारावी नापास, माझ्या तोंडात सगळं एकदम येतं.

साउथहॅम्प्टनला राहतो आम्ही. नवरा कम्प्युटरमध्ये, त्याच्या व्हिसावर मी आणि सई. सई साडेतीन वर्षांची. आणि सासूबाई, सहा महिन्यांसाठी आलेल्या. सासरी मासे चालत नाहीत, अंडंसुद्धा नाही. माझं माहेर मालवणच्या बाजूचं. लग्न ठरताना सासूबाईंनी आईला विचारलं, मुलगी सोडेल ना सगळं? आईने माझ्याकडे न बघताच हो सांगितलं, मग मी पण मान हलवली. म्हणजे खोटं बोलायला तिथे शिकले का मी? नाही— आईवर कशाला ढकलू. पुढचं माझं मीच बोलले.

नर्सरीच्या रस्त्यावर एक कोरियन टेकअवे आहे. दुकान कसलं, खिडकीच म्हण. आत दोन स्टुलं आणि एक बाई, पन्नाशीची, डोक्याला जाळी लावलेली. तांदळाच्या लाल तिखट कांड्या, काडीवरचं तळलेलं चीज, केळ्याचं थंड दूध, जवाचा चहा. आणि काउंटरवर एक चौकोनी पातेलं. त्यात माशाच्या पातळ पट्ट्या, घडी घालून काडीला टोचलेल्या, रश्शात उकळत असायच्या. सुक्या मासळीचा रस्सा. पहिल्यांदा तो वास आला ना, मी सईची बाबागाडी तिथेच थांबवली आणि नुसती उभी राहिले. किती वर्षांनी आला असेल तो वास?

त्या बाईने माझं मंगळसूत्र बघितलं आणि लगेच फाइल काढली. इथे ठेवावीच लागते अशी फाइल, कशात काय घातलंय त्याची. तिने ‘फिश’वर बोट ठेवलं, हाताने मासा पोहतोय असं करून दाखवलं, मग दोन्ही हातांची फुली केली. नो?

मी म्हटलं, “फिश ओके.”

तिने परत विचारलं. मग सईकडे बोट केलं. “बेबी? बेबी फिश ओके?” मला राग आला. किती विचारते ही? मी म्हटलं, ओके, ओके. मनात म्हटलं, काय अडाणी बाई आहे, मासा कसला करून दाखवते, इंग्लिश तरी येतं का हिला. आणि मी? मला कौन्सिलच्या फॉर्मवर स्वतःचा पत्ता धड लिहिता येत नाही. पण तिला हसायला मला बरं वाटायचं. माझ्यापेक्षा खालचं कुणीतरी पाहिजे होतं ना मला या देशात.

मग दर मंगळवारी जायला लागले. मंगळवारीच, कारण तेव्हा सासूबाई इथल्या मराठी मंडळातल्या बायकांबरोबर अथर्वशीर्षाला जायच्या. घरात मी उपवास सांगायचे आणि स्टुलावर बसून माशाच्या तीन-तीन काड्या खायचे. ती बाई सईची काडी फुंकर मारून गार करून द्यायची, मला रस्सा कागदी कपात भरून द्यायची. सईला तिने ‘इमो’ म्हणायला शिकवलं, म्हणजे त्यांच्यात मावशी. येताना मी वाइप्सने दोघींची तोंडं पुसायचे, पुदिन्याची गोळी चघळायचे.

असं किती दिवस चालणार होतं? चाललं तरी बरेच दिवस.

एका दुपारी सासूबाई सईला वरणभात भरवत होत्या. सईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, “आजी, फिश दे ना. स्टिकवाला.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आणि माझ्या तोंडातून, एका दमात— विचार करायला वेळच लागला नाही, तेच तर— “आई, मला काही माहीत नाही हो. नर्सरीच्या रस्त्यावरच्या त्या चिनी बाईने व्हेज सांगून दिलं. फसवलं तिने.”

चिनी. ती कोरियन आहे हे मला माहीत होतं, पण आमच्या घरात चिनी म्हटलं की लगेच पटतं. एवढं डोकं मला बरोबर चाललं.

कसली भीती होती मला? सासूबाई एकदा कुणाच्या तरी सुनेचं सांगत होत्या, परत पाठवली, मूल ठेवून घेतलं. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नाही. नवऱ्याने कधी आवाज चढवला नाही. तरी मला सईशिवाय विमानात बसलेली मीच दिसायचे. भीती खरी होती. पण भ्यायले म्हणून— नको. राहू दे.

सासूबाई रडल्या. सईला आंघोळ घातली, घरून आणलेली गंगाजलाची सीलबंद लोटी फोडली, चमचा तिच्या तोंडात घातला, मग माझ्या. मी डोळे मिटून प्यायले, चांगल्या घरच्या सुनेसारखी. थू.

नवऱ्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. मग काय विचारतेस. मंडळातल्या अर्ध्या बायका गाडीत बसून मुलांबरोबर चिकनचे तुकडे खातात आणि घरी येऊन खिडक्या उघडतात, मला माहीत नाही का? त्याच सगळ्यात पुढे. दुकानाचं तोंड न बघितलेल्या बायकांनी एकेक स्टार दिला, फसवून मुलांना मासे चारतात म्हणून लिहिलं. ढोंगी मेल्या. एकीने मला विचारलं, नक्की काय झालं गं, तूच सांग. मी व्हॉइस नोट टाकली, हुंदक्यासकट. दोनदा हुंदका बरोबर आला नाही, पुसून परत केली. तिसऱ्यांदा चांगला आला. आता बोल, मेली ढोंगी कोण?

शनिवारी नवरा मला दुकानात घेऊन गेला. मी म्हटलं नको, जाऊ दे. तो म्हणाला, तू घाबरतेस म्हणूनच हे लोक असं करतात, मी बोलतो. बोलला तो, त्याच्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये. पोरीचा धर्म, विश्वास, कायदा. ती बाई मला बघून आधी हसली होती. कप उचलला होता तिने, रस्सा भरायला. मग तिला कळायला लागलं.

तिने फाइल काढली. ‘फिश’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळली. “बट शी—”

मी मान हलवली. एवढीशी. नवऱ्याच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही अशी. नको.

बघ, तोपर्यंत तोंडातून निसटलं असं तरी म्हणता आलं असतं. हे निसटलं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत बघून मागितलं.

तिने किती वेळ माझ्याकडे बघितलं काय माहीत. मग फाइल मिटली, नवऱ्यापुढे वाकली. “माय मिस्टेक, सर. सॉरी.”

का केलं तिने? मला माहीत नाही. नवरा जिंकून बाहेर आला, म्हणाला, बघ, कबूल केलं की नाही. मी म्हटलं, हो. तुमच्यामुळे.

पुढे तक्रारीवरून कौन्सिलचा माणूस तपासणीला आला तिच्याकडे. काउंटरवरचं पातेलं गेलं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची दुपारी रांग असायची, ती पण गेली. काचेवर तिने हाताने लिहिलेला माफीचा कागद लावला. नवऱ्याने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याची वीस चित्रं आली. एक माझं.

आणि मासे? सोडले नाहीत. बसने लांब जाते, दुसऱ्या दुकानात, सईला न घेता. एवढीच सुधारले.

तिच्या दुकानावरून मात्र रोज जावं लागतं, नर्सरीचा रस्ताच तो. समोरच्या फुटपाथवरून जाते. परवा ती बाहेर पाटीवर खडूने काहीतरी लिहीत होती. आम्हाला बघून थांबली. सई बाबागाडीतून तिच्याकडे बोट करून, स्वच्छ मोठ्या आवाजात, आजीने शिकवलंय तसं म्हणाली, “डर्टी शॉप.”

रस्ता केवढासा तिथे. ऐकू गेलं तिला. ती माझ्याकडे बघत राहिली, हातात खडू तसाच.

सईने मान वर करून मला विचारलं, “हो ना, आई?”

मी म्हटलं, “हो. चल.”