तारताईच्या सेटमधला रिकामा खण

तारताई ठार बहिरी झाली, अशी आवई गल्लीत उठली तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याने तिच्याशी ओरडून बोलायला सुरुवातसुद्धा केली. "ताई, ब्लाउज मंगळवारी!" पलीकडच्या गल्लीलाही मंगळवार कळला. तारताई हळूच म्हणाली, "मागच्या मंगळवारीही हेच म्हणाला होतास."

तेव्हा आवई खोटी. पण तिच्यावर सगळ्यात आधी विश्वास बसला होता तो खुद्द तारताईचाच, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

तारताईने तीस वर्षं तारघरात तारांचं कडकट्ट केलं. कडकट्ट बंद झालं, यंत्रं भंगारात गेली, ताई निवृत्त झाली; पण बोटांची खाज काही निवृत्त होईना. मग तिने घरबसल्या दूरदूरच्यांशी टकटकीने बोलायचा, हौशी रेडिओचा परवाना काढला आणि एक सेट घेतला. तो सेट म्हणजे जेवायला बोलावून ताट घरून आणायला सांगावं, असा प्रकार होता. तोंडावर बटणं सगळी, आत मात्र खणच्या खण रिकामे. हे बटण कशाचं? त्याचा सुटा भाग वेगळा घ्यायचा. आणि हे? त्याचाही वेगळा. ताईने अकरा वर्षांत एकेक खण भरला. थंडीत सेट सुरावरून घसरू नये म्हणून एक पट्टी घेतली, मग पंखा, आणि शेवटी सगळ्यात लाडका तो बारीक फिल्टर. काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी ती. पण बटण दाबलं की बाजारभर गलक्यातून एकाचीच शिट्टी तेवढी कानात उरायची. पुढे कंपनीने ती डबी बनवणंच बंद केलं.

या डबीच्या आणि कानांच्या जोरावर ताई रोज सकाळी साडेसहाला हजेरी घ्यायची. दूरदूरचे पंचवीस-तीस हौशी एकाच वेळी टकटक सुरू करायचे, आणि त्यातून एकेकाला ओळखून नावानिशी उत्तर द्यायचं. दहा वर्षं ते काम तिचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सकाळचा हा अर्धा तास हाच तिचा संसार म्हणा ना.

धाकटा भाऊ सात वर्षांनी लहान. त्याला टेबलावर चमचा वाजवून टकटकीची भाषा शिकवली ती तिनेच, आणि सोल्डरची सळई हातात दिली तीही तिनेच. त्याने सेटही अगदी ताईच्यासारखाच घेतला. खण भरायची चिकाटी मात्र बाजारात मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "ताई, किती धूळ झालीय यात! नेतो, साफ करून आणतो." चार दिवसांनी सेट आला तो आरशासारखा लखलखीत. ताईला केवढं कौतुक! पण सकाळी बटण दाबलं, दिवा लागला आणि गलका होता तसाच.

"अरे, फरकच पडत नाहीये," ती म्हणाली.

धाकट्याने हेडफोन लावला, बटण दाबलं, डोळे मिटले. "काय बोलतेस ताई! लख्ख फरक आहे. गलका गेला की."

"मला नाही कळत रे."

"वय झालं आपलं. कान कुणाचे राहिलेत?" असं म्हणून त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ज्याला आपण ऐकायला शिकवलं, त्याला ऐकू येतंय आणि आपल्याला नाही, मग दोष कुणाचा? तिने आपल्या कानांना दोष दिला. पुढच्या आठवड्यात हजेरीत तिच्या दोन चुका झाल्या. कुणी काही बोललं नाही, उलट जास्तच अदबीने वागले. ती अदब तिला झोंबली. तिने हजेरी धाकट्याकडे सोपवली. "तू म्हणतेस म्हणून हं," तो म्हणाला. लबाड! त्यानंतर ताई रोज मुकाट्याने नुसती ऐकायची. धाकटा एकही चूक करत नसे, आणि ही बाई भेटेल त्याला सांगायची, "मी शिकवलेला आहे तो."

शेवटी शिंप्याच्या ओरडण्याला कंटाळून ती कानाचं यंत्र घ्यायला गेली. काचेच्या खोलीत बसवून, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, म्हणाले. तपासणाऱ्या बाईने दोनदा तपासलं आणि कागद पुढे केला. "आजी, यंत्र कशाला हवंय? तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

दुसरी कुणी असती तर आनंदाने पेढे वाटले असते. ताई मात्र घरी आली ती चपलाही न काढता सेटपाशी गेली आणि तिने झाकण उघडलं. फिल्टरचा खण रिकामा होता. दोन भोकांमध्ये तारेचा एक तुकडा जोडलेला, म्हणजे बटणाचा दिवा लागावा, आवाजही यावा, आणि काहीच होऊ नये. सोल्डरचा टाका तिळाएवढा हवा, सळई नीट तापू दे, घाई करू नको, असं जन्मभर तिने ज्याला बजावलं, त्याचे टाके ती अंधारातही ओळखेल. हे दोन्ही हरभऱ्याएवढे होते.

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई, पण त्या दिवशी तिने दारही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्याच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं. "या ताई, हजेरी चाललीय त्यांची." ताई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. हजेरी संपत आली तसा तिने त्याच्या कानांवरून हेडफोन अलगद काढून घेतला, स्वतःला लावला आणि बटण दाबलं. गलका विझला. कुणीतरी लांबून निरोप देत होतं, तेवढी एकच स्वच्छ शिट्टी उरली. दोन वर्षांत तिने असं ऐकलं नव्हतं.

भावजय चहा घेऊन आली. "छान ऐकू येतं ना? तुमचीच तर भेट ती डबी. मला हे म्हणाले, ताईने हौसेने दिली."

धाकटा खुर्चीतून उठला. "ताई, कुठे मिळतच नव्हती गं. दोन दिवस लावून बघणार होतो फक्त. मग तू चुकायला लागलीस, हजेरीला मलाच बसवलंस, आता कुठल्या तोंडाने सांगू?" त्याने घाईघाईने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "आत्ता काढतो. तुझ्या घरी येऊन बसवून देतो. उद्यापासून हजेरी तूच घे."

ताईने हेडफोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हजेरी मी घेणारच आहे, ती काही तू द्यायला नको. डबी काढ आणि इथे ठेव. बसवेन माझी मी. माझ्या सेटला तू आता हात लावायचा नाहीस."