डॉक्टरांवर लावलेला कौल

"गँगरीन आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "बोटाचा रक्तपुरवठा थांबून मांस मेलंय. आज करंगळी काढली तर पाय वाचेल."

पाय माझ्या बायकोचा, सुमतीचा. रत्नागिरीतल्या त्या लहानशा हॉस्पिटलात आम्ही दोघंच गेलो होतो.

सुरुवात नव्या चपलेनं झाली होती. करंगळीला फोड आला, फुटला. सुमतीला जुना मधुमेह. दुखत नव्हतं, म्हणून तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. न दुखणं हाच आजार होता, हे मागाहून कळलं. त्याला न्यूरोपथी म्हणतात. साखरेनं मज्जातंतू बधिर होतात आणि पाय आपल्याला काही सांगेनासा होतो. घरात मधुमेह असेल, तर रोज पाय डोळ्यांनी बघा. दुखण्याची वाट पाहू नका.

मी मॅडमना म्हटलं, मुलगा मुंबईहून येतोय, तो आला की ठरवू. मुलाला मी फोनसुद्धा केला नव्हता. सुमतीला हॉस्पिटलातच ठेवून मी गावी गेलो, कौल लावायला.

आमच्याकडे अडल्या कामात ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाडीचा मानकरी मीच. देवळात त्या दुपारी बाबू गुरव आणि मी दोघेच होतो.

मी विचारलं, "महाराजा, ही डॉक्टरीण आम्हाला उगाच घाबरवतेय, होय ना?"

उजवी पडली.

करंगळी काढू की नको, हे मी विचारलंच नाही. मला जे ऐकायचं होतं, तेच मी देवाच्या तोंडी घातलं.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे, अशी सही करून मी सुमतीला घरी आणलं. मॅडम जिन्यापर्यंत आल्या. ताप आला किंवा काळेपणा वर चढला तर थांबू नका, असं विनवून सांगितलं.

दोन्ही झालं. परत नेलं तेव्हा डॉपलर केली. पायातल्या रक्ताचा प्रवाह ज्यात ऐकू येतो, ती ही तपासणी. मांडीपाशी यंत्र सूं सूं वाजलं. घोट्यापाशी गप्प. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मुलगा आला तो मॅडमवर धावूनच गेला. "करंगळी दाखवायला आणलेल्या बाईचा पाय कापलात तुम्ही?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी सही त्यांच्याकडे होती. मी बाकावर बसून फरशीकडे बघत राहिलो. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा वडिलांशी बोला."

तो बोलला नाही. मीही नाही. गावात मॅडमचं नाव 'पाय कापणारी' पडलं. देवळाच्या पायरीवर कुणी तसं म्हटलं की मी मान हलवायचो. वाडीतले लोक तिथे जायचे थांबले.

यंदा आंब्याच्या बागेत बाबू गुरवाच्या पायाच्या अंगठ्यात काटकी घुसली. त्यालाही साखर. अंगठा काळा पडला, तेव्हा त्याचा मुलगा त्याला रत्नागिरीला न्यायला निघाला. बाबू ऐकेना. "त्या बाईकडे नको. ती उगाच घाबरवते, हे देवानंच सांगितलंय. मानकरी दादा होते ना समोर." वर मला निरोप पाठवला, की त्यापेक्षा कोल्हापूरच्या दवाखान्यात जातो, कधी निघू ते विचारायचं आहे, गाऱ्हाणं घालायला या.

सुमती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "अहो, माझा तर पाय गेला. तुमचं तोंड कुठे गेलं होतं इतके दिवस?"

देवळात वाडीतली बरीच माणसं जमली होती. बाबूनं कळ्या भिजवल्या. मी म्हटलं, "थांब. आज विचारायचं नाही, सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. काय विचारलं होतं, काय लपवलं होतं, सही कुणाची होती.

बाबूनं भिजलेल्या कळ्या खाली ठेवल्या. मग बाबू म्हणाला, "दादा, मीसुद्धा विचारलं नाही, की वहिनींना बोट काढायला सांगितलंय की पाय." आणि स्वतःच रिक्षा बोलवायला सांगितली.

मॅडमसमोर मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, कौल लावायला मी कधी अडवलं नसतं," त्या म्हणाल्या. "देवळात जाऊन येतो म्हणाला असतात, तर संध्याकाळपर्यंत परत या, असं सांगितलं असतं. मुलाची वाट बघताय म्हणालात, म्हणून मीही थांबले. माझंही चुकलं. मी कारण विचारलं नाही."

ज्या बाईची आम्ही बदनामी केली, ती मला स्वतःची चूक सांगत होती.

बाबूचा अंगठा गेला, पाय राहिला. 'नऊ बोटांचा गुरव' म्हणून तो स्वतःचीच थट्टा करतो. आता आजारपणाचा कौल लावायला कुणी आलं, की कळ्या भिजवण्याआधी तो विचारतो, "डॉक्टर काय म्हणाले? त्यांना सांगून आलास काय?"

मुलाला मी फोनवर सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. मग शिमग्याला आला, तेव्हा घरी येण्याआधी रत्नागिरीत उतरून मॅडमकडे गेला. काय बोलला, ते मी विचारलं नाही. मला त्यानं एवढंच सांगितलं, की मॅडमनी आईच्या नकली पायाची, जयपूर फूटची, चौकशी केली. पट्टा काचत असेल तर घेऊन या म्हणाल्या.

पट्टा काचतोच. सोमवारी आम्ही तिघं जाणार आहोत.