पृथ्वीच्या वेगाचं चिन्ह

चिन्ह मी चुकवलं होतं. हे एवढंसं वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. माझी आकडेमोड करून देणाऱ्या मित्राकडून चूक झालेली नव्हती. उलट त्यानेच ती मला दाखवली होती. त्याने पेन्सिलीने लिहिलेली ओळ मी खोडरबराने पुसून टाकली.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी मुंबईत एका संशोधनसंस्थेत जोडताऱ्यांवर पीएच.डी. करत होतो आणि शनिवारी कर्जतजवळ कडावला घरी येत होतो. जोडतारे म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. माझ्या जोडीतला एकच तारा दुर्बिणीतून दिसे. तो काही दिवस आपल्याकडे येई, काही दिवस लांब जाई, म्हणजे त्याला कोणीतरी ओढत होतं. कर्जतला घाट चढण्याआधी गाडीला मागून इंजिनं लावतात. पुढच्या डब्यात बसलेल्याला ती दिसत नाहीत, पण गाडी हलली की धक्का कळतो. माझं काम त्या धक्क्यावरून इंजिनाचं वजन काढायचं होतं. न दिसणाऱ्या जोडीदाराचं वजन तीन सूर्यांच्या पलीकडे गेलं, तर तो कृष्णविवर असण्याची शक्यता मोठी. अलीकडे राहिलं, तर बहुधा न्यूट्रॉन तारा. न्यूट्रॉन तारे तोवर बरेच सापडले होते. कृष्णविवराचं नाव निघालं की मात्र जेवणाच्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबत. आमच्या मार्गदर्शक सरांना कृष्णविवर हवं होतं असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. ते मलाच हवं होतं.

ताऱ्याच्या वर्णपटाचे फोटो उतरवलेल्या काचा मी संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. त्या मोजमापांवरून वेग काढायला पानंच्या पानं आकडेमोड लागे, आणि संस्थेच्या संगणकावर माझ्यासारख्याचा नंबर लागायला आठवडे जात. सर म्हणाले, बाहेरचा कोणी नीट हाताचा माणूस असेल तर त्याच्याकडून करून घे. मी मित्राला विचारलं.

तो माझा शाळेपासूनचा सोबती, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. गणितात माझ्या पुढे. बी.एस्सी. होताहोताच त्याचे वडील अंथरुणाला खिळले, म्हणून तो खालापूरकडच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागला. रविवारी आम्ही त्याच्या घरी बसायचो, कारण आमच्या ओटीवर त्याला चहा वेगळ्या कपात येई. त्यावर तो कधी काही बोलला नाही. मीही आईला कधी काही बोललो नाही.

प्रत्येक बेरीज तो दोनदा करायचा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन्ही उत्तरं जुळली तरच लाल पेन्सिलीची बारीक खूण करायचा. सरांनी ती पानं पाहिली आणि विचारलं, "हा कोण आहे? असा हात आपल्याकडे हवा." गणन-सहायकाची एक जागा निघायची होती आणि सर त्याची शिफारस करणार होते. मी हे सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. त्याच्या आईनेच विचारलं, "पगार चांगला असंल का रं? यांच्या औषधाला पुरंल?"

"आये, आजून तारं मोजून व्हयाचं हायेत," तो म्हणाला.

आता त्या चिन्हाचं सांगतो. आपण तारा बघतो ते हलत्या पृथ्वीवरून. वर्षातले काही महिने पृथ्वी त्या ताऱ्याच्या दिशेने जात असते, काही महिने त्याच्यापासून दूर. ताऱ्याचा खरा वेग हवा तर पृथ्वीचा वेग जवळ जातानाच्या महिन्यांत मिळवायचा आणि दूर जातानाच्या महिन्यांत वजा करायचा. त्याचा तक्ता मी करून दिला होता. घाईघाईत सगळ्या महिन्यांना मी अधिक चिन्ह दिलं.

पाचसहा आठवड्यांनी एका रविवारी मित्राने वही माझ्यापुढे सरकवली.

"आरं, तुझी पृथ्वी वर्षभर एकाच अंगाला चालते काय रं? वळत-बिळत नाय?"

"तू तक्त्याप्रमाणे कर ना."

"केलंय. तक्ता तुझा, हात माझा. पन खाली टीप लिवलीय. बघ एकदा."

शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: ऑक्टोबरपासून पृथ्वी उलट जाते. चिन्ह तपासावे.

ते मी घरी येऊन वाचलं आणि वाचताक्षणी कळलं की त्याचं बरोबर आहे. एका कागदावर घाईने हिशेब करून पाहिला. या गणितात वेगाचा घन होतो. वेग सव्वापट धरला गेला तर वजनाचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. चिन्ह सुधारलं की माझा जोडीदार तीन सूर्यांच्या बराच खाली उतरत होता. सरांनी तोवर संस्थेत माझं व्याख्यान ठरवून टाकलं होतं, बाहेरच्या लोकांना बोलावणंही गेलं होतं. मी स्वतःला सांगितलं, सगळं नंतर सावकाश तपासू. वही सरांच्या हाती जायची होती, म्हणून ती ओळ पुसली. कागदावर पेन्सिलीचा दाब राहिला होता. तो नखाने घासून सपाट केला.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आजही अंगात जाणवतात. जेवण जात नव्हतं. जिन्यावर सरांची चप्पल वाजली की मी टेबलावरचे कागद उलटे करायचो. आज सांगू, उद्या सांगू असं रोज ठरवायचो, आणि रोज सर पाठीवर हात ठेवून "काय, तयारी कुठवर आली?" असं विचारायचे. दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं. दोन रविवार कडावला गेलोच नाही.

व्याख्यानात एका पाहुण्या प्राध्यापकांनी आलेखाकडे बोट दाखवलं. "ऑक्टोबरनंतरचे सगळे बिंदू वरच्याच बाजूला कसे? पृथ्वीचा वेग नीट वजा केलाय ना?"

सर माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "आकडेमोड बाहेरून करून घेतली होती. त्या माणसाने चिन्हात गफलत केलेली दिसते."

बस, एवढंच. विचारपूर्वक रचलेलं खोटं नव्हतं ते, पण तोंडातून आलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लपवून उपयोग नाही. सर रागावले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, "पुन्हा करा सगळं, स्वतः. आणि त्या माणसाची शिफारस आता नको." मी मान हलवली. तक्ता माझ्या खिशातच होता.

घरी काकांनी विचारलं, त्याच्या नोकरीचं काय झालं? मी म्हणालो, आकडे चुकले त्याचे. काकांनी ते डेअरीवर सांगितलं. सकाळी दूध घालायला सगळं गाव तिथे जमायचं. पुढच्या रविवारी मी कॅन घेऊन रांगेत होतो आणि मित्र माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभा होता.

"काय रं मास्तर," एकाने हटकलं, "तारं मोजताना बोटं कमी पडली काय?"

"पायाची बी मोजायची व्हती ना!" दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मित्राने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी कॅनचं झाकण घट्ट करू लागलो. "पडली असतील," तो म्हणाला, दूध मापात ओतलं आणि निघून गेला. त्याच्या घरचे आमचे रविवार त्यानंतर बंद झाले. आकडेमोड मी पुन्हा केली, न्यूट्रॉन तारा निघाला, त्यावरच मला पदवी मिळाली. त्याचे वडील त्या वर्षाअखेर गेले.

पुढे दहाएक वर्षांनी त्याच्या शाळेने मला कृष्णविवरांवर बोलायला बोलावलं. मुख्याध्यापकांना आमचं काही ठाऊक नव्हतं. मुलांना माझी ओळख करून द्यायचं काम गणिताचे शिक्षक म्हणून त्याच्याकडेच आलं होतं. त्याने दोन वाक्यं सांगितली: आम्ही एका बाकावर बसत होतो, आणि पाहुण्यांनी पुष्कळ कष्ट केले आहेत. मी तासभर काय बोललो ते मला आठवत नाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला पटांगणाच्या कडेला गाठलं आणि तक्ता, टीप, खोडरबर, व्याख्यान, सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "ह्ये मला कशाला सांगतोस? मला ठावं हाय. टीप मीच लिवली व्हती ना?"

"मग तू तेव्हा का बोलला नाहीस?"

"कोनी ऐकलं असतं? तुज्यापुढं माजं?" मग हातातला खडूचा डबा त्याने या हातातून त्या हातात घेतला. "माफी मागायची तर डेअरीवर ये. जितं हसलं तितं."

सरांना मी त्याच दिवशी सगळं कबूल करणारं पत्र घातलं. ते निवृत्त झाले होते. पत्र लिहिणं सोपं होतं. डेअरीवर जायला मात्र मी आणखी दोन रविवार घालवले. काका म्हातारे झाले होते, तरी रोज तिथल्या बाकावर येऊन बसत. ते काय म्हणतील, आई काय म्हणेल, याचीच भीती.

तिसऱ्या रविवारी गेलो. तो रांगेत उभा होता. मी वजनकाट्याजवळ जाऊन म्हणालो, "जरा ऐका सगळ्यांनी." "मुंबईच्या कामात गणित चुकलं होतं ते याचं नव्हे, माझं. याने मला चूक लिहून दाखवली होती. मी ती पुसली आणि साहेबांना याचं नाव सांगितलं. याची नोकरी माझ्यामुळे गेली."

"आरं, आता कशाला उकरून काढतोस त्ये?" काका म्हणाले. "किती वर्सं झाली!"

"तुम्हालाही खोटं मीच सांगितलं होतं, काका."

मग मी मित्राकडे वळलो. तो कॅन खाली ठेवून सरळ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. हे सगळे तुला हसले तेव्हा मी इथे उभा होतो, गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचीही माफी मागतो. मला माफ कर."