हिराजीकाकांनी सांगितलेली भरती

हिराजीकाकांनी आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. कुणी भेटायची वेळ ठरवायला लागलं की ते विचारायचे, "आज तिथी कंची?" षष्ठी म्हटलं की डोळे जरा बारीक करून म्हणायचे, "मंग साडेचारला पानी भरतंय. त्याच्या आदी ये, नायतर मी होडीवर असंन." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित आमच्या कोळीवाड्यात पुष्कळांना यायचं. बाकीचे बोटांची पेरं मोजायचे. काका मोजताना कधी दिसले नाहीत.

आमचा वाडा पनवेलच्या खाडीला लागून. वरच्या आळीत आम्ही, खालच्या आळीत काका, पाण्याला सगळ्यात जवळ. माझे वडील आणि ते एकाच होडीवर होते. वडील लवकर गेले, पण आमच्या दारात मासळीचा वाटा येत राहिला. तो का येतो, किती दिवस येणार, याची चर्चा काकांनी कधी होऊ दिली नाही. आई काही बोलायला गेली की, "वहिनी, निवटं हायत, कालवन करा आदी," म्हणून चालू लागायचे.

मी बी.कॉम. झालो. वाड्यातला पहिला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, कारण त्यासाठी काय काय केलं ते मला माहीत आहे. निकालाच्या दिवशी काका मला घेऊन सगळ्या वाड्यात फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "आता कागुद वाचनारा आपला मानूस हाय." कुणीतरी म्हणालं, "काका, पोरगा पास झालाय, लगीन नाय झालं." काका म्हणाले, "लगीन कुनाचं बी होतं रं. तुजं नाय का झालं?"

दोन हजार दहाच्या आसपास एका कार्यालयाची माणसं वाड्यात यायला लागली. नाव लिहून आता उपयोग नाही. खाडीच्या काठानं फिरायला रस्ता करायचा होता. दिवे, बाकं, कठडा, पोरांना सायकली. त्यासाठी काठावर भराव घालून भिंत बांधायची होती. गावाशी बोलायला त्यांना एक समन्वयक हवा होता. काका स्वतः साहेबांकडे गेले. "आमच्या सुरेशला घ्या. म्हंजे तुमच्या कागदात काय लिवलंय ते आमाला कलंल." अशी मला नोकरी लागली. सहा-सहा महिन्यांच्या करारावर.

मग गावातल्या दहा जणांना कोलकात्याला नेलं. हुगळीच्या काठी इंग्रजांच्या काळापासूनचा फिरायचा रस्ता आहे, मोठमोठ्या खांबांचे घाट आहेत. हे बघितलं की लोक विरोध करणार नाहीत, असा साहेबांचा हिशेब. आणि काकांच्या बाबतीत तो खरा ठरला. त्यांना ती जागा मनापासून आवडली. वर जुनी झाडं, झाडांखाली बसलेली म्हातारी माणसं, खाली पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. साहेब आम्हाला इतिहास सांगत होते तेव्हा काका लाल टोपी सारखी करून सरळ खाली उतरले. शेवटून चौथ्या-पाचव्या पायरीवर उकिडवे बसले आणि दगडावरची काळी रेघ नखानं खरवडून बघितली.

"सुऱ्या, हिकडं ये. बग. मोठ्या भरतीला पानी हितवर येतं. बांदनाऱ्यानं आदी पानी बगितलंय, मंग दगूड लावलाय." मग वर साहेबांकडे बघून ओरडले, "साहेब, आमाला अशाच पायऱ्या द्या. पानी चढंल, उतरंल, त्याला कुनी अडवायचं नाय. भिंत नको."

साहेब हसून म्हणाले, "बघू, काका."

त्या दिवशी चतुर्थी होती. काकांनी जाहीर केलं की तीन वाजता नदी भरणार, सगळ्यांनी पायऱ्यांवर बसून बघा. आम्ही बसलो. साहेबही बसले. तीन वाजले. पायऱ्यांवरचा चिखल उघडाच. साडेतीन झाले, चार झाले. कुणी म्हणालं, "काका, तुमची भरती आगगाडीनं येतेय काय?" दुसरा म्हणाला, "तिकीट नसंल, मधीच उतरवली."  काकांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला, भर बाजारात कुणी टोपी उडवल्यासारखा. बाकीचे चहाला गेले. मी त्यांच्याजवळ थांबलो.

पाणी चढलं ते दिवे लागायच्या सुमाराला. काळ्या रेघेच्या थोडं खाली येऊन थांबलं. तोवर काकांनी एका नावाड्याला गाठलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, यांना बंगाली येत नव्हतं. दोघांनी हातवारे करून, बोटांनी पायरीवर ओल्या रेघा ओढून बराच वेळ काहीतरी केलं. परत आले तेव्हा काका खुशीत होते.

"चुकलो रं मी. आपल्या खाडीला समुद्र दारात हाय. हितं दर्या लय लांब. पान्याला चालत यायला येल लागतो. हिशोब तोच, पर वाटंची लांबी धरायला पायजे व्हती." आणि माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "या वयात बी शिकलो बग. तुज्यावानी."

ही गोष्ट मला पूर्ण माहीत होती. माझ्याशिवाय कुणालाच पूर्ण माहीत नव्हती.

परत आल्यावर चार महिन्यांनी जनसुनावणी झाली. शाळेच्या आवारात मंडप, माईक, मंचावर चार साहेब, खाली गाव. मी मंचाच्या बाजूला फाइल घेऊन उभा होतो. आराखड्यात पायऱ्या नव्हत्या, भिंतच होती. काका उठले. त्यांची मागणी एवढीशीच होती.

"साहेब, तुमी अष्टमीला येऊन पानी मापलंत. त्या टायमाला भांग असतं, पानी अर्दं बी येत नाय. ती रेघ धरून भिंत घातली तर खाडीचं तोंड बुजंल, आनि अवस-पुनवेच्या उधानाचं पानी खालच्या आलीत शिरंल. अवसेला या. सव्वाअकराला मी खुटा ठोकून दावतो पानी कुटवर येतं. मंग काय ती भिंत बांदा."

मोठे साहेब पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "काका, तिथीवर कामं चालत नाहीत हो. काय सुरेश, तुम्ही होता ना कोलकात्याला? यांचा हिशेब बरोबर निघतो का?"

मला फक्त "निघतो" म्हणायचं होतं. किंवा "सर, एकदा अवसेला मोजायला काय हरकत आहे?" दोन्ही वाक्यं मला येत होती. मी म्हणालो, "सर, तिथं काकांनी तीनची भरती सांगितली होती. आम्ही सगळे पायऱ्यांवर ताटकळत बसलो. ती आली आमचा चहा झाल्यावर."

मंच हसला. मग मंडप हसला. कोलकात्याला आलेले तर जास्तच हसले, कारण ते खरं होतं. काका उभेच होते. हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आता उरलेलं सांगेन, असं त्यांना वाटत असावं. मी फाइलमधले कागद सारखे करू लागलो. ते खाली बसले. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

त्याच महिन्यात मी कायम झालो. त्या हशाचा आणि माझ्या पत्राचा काही संबंध नाही असं बायको म्हणते. मी म्हणत नाही.

भिंत झाली, दिवे लागले. नव्या इमारतींमधली माणसं सकाळ-संध्याकाळ फिरायला येऊ लागली. आणि पहिल्याच पावसाळ्यात अवसेच्या उधाणाला सव्वाअकराच्या सुमारास खालच्या आळीत गुडघाभर पाणी शिरलं. नंतर ते दर अवस-पुनवेला शिरू लागलं. कार्यालयानं मला पंप घेऊन पाठवलं. काका ओट्यावर जाळी उचलून ठेवत होते. मी पाण्यात उभा राहिलो. म्हटलं, "काका, माझं चुकलं."

ते जाळं झटकत होते. झटकता झटकताच म्हणाले, "खोटं बोलला असतास तर तितंच भांडलो असतो तुज्याशी. तू खरं बोललास. अर्दं. त्याला मी काय बोलनार?" मग पंपाकडे बोट केलं. "त्यो चालू करू नको. ओहोटी लागली की पानी जाईल. तुजं डिझेल फुकट."

मी तरीही पंप चालू केला. मला तशी ऑर्डर होती.

खालच्या आळीतली बरीच घरं पुढच्या दोन-तीन वर्षांत उठली, पोरं भाड्याच्या खोल्यांत गेली. काका उठले नाहीत. ओल भिंतीतून छातीत शिरली असं लोक म्हणायचे, डॉक्टर दमा म्हणायचे. मी दोनदा औषधं घेऊन गेलो. दोन्ही वेळा त्यांच्या मुलानं, धर्मानं, दारातच घेतली आणि आत नेली. आतून खोकला ऐकू येत होता. मला आत ये कुणी म्हटलं नाही आणि माझा पाय आपणहून उचलला नाही.

ते गेले त्या सकाळी मी ऑफिसला कळवून गेलो. स्मशानाकडे जायची जुनी पायवाट भरावाखाली गेली होती, त्यामुळे तिरडी नव्या रस्त्यावरूनच न्यायची होती. उचलायच्या वेळी मी खांदा द्यायला पुढं झालो. धर्मानं माझा हात धरून मला बाजूला केलं. ओरडला नाही, शिवी दिली नाही. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो.

"तुमी नको, साहेब. तुमी म्होरं चला. रस्ता तुमचाच हाय."

सगळे थांबले होते. मागं जायला जागा नव्हती, म्हणून मी पुढं चालू लागलो. कठड्याच्या कडेनं फिरायला आलेली माणसं बाजूला होत होती. त्यांनी कानातल्या वायरी काढल्या. आणि मी घरचाच कुणी असणार असं समजून एकेक जण माझ्याकडे बघून हात जोडत होता.