टम्मूचा केसपेपर

गंगाधरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होतो. नांदेडला पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. पण आज लिहायला बसलोय ते त्या दिवसामुळे नाही, तेराव्यामुळे. पंगतीत बुंदी चघळत आमचे एक पाहुणे म्हणाले, "मामांचं एक भारी होतं बघा, टीव्हीतल्या बैलाचं लिंग तपासायचे!" आणि अख्खी पंगत हसली. समोर मामांच्या फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता आणि ही मंडळी पोट धरून हसत होती. मला शिसारी आली. पान तसंच ठेवून मी उठलो.

किस्सा खोटा नव्हता. मामा देगलूरला गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. खांद्यापर्यंत हात घालून जनावर गाभण आहे की नाही ते सांगायचे. त्यांचा अंदाज इतका पक्का, की त्यांना गोऱ्हा की कालवड हेही आधीच कळतं असा लोकांचा समज झाला होता. "जल्मल्यावर बघा की," एवढंच ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर नांदेडला विष्णुपुरीकडे दोन खोल्या बांधून राहिले. माझी धाकटी लेक रेवा उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडेच असायची. दुपारी दोघं जुनी कार्टूनं बघायची. त्यातल्या एकात आखूड चड्डी घालून दोन पायांवर चालणारा एक बैल होता. रेवानं त्याचं नाव टम्मू ठेवलं होतं आणि त्याच्यावर तिचा फार जीव. टम्मूचा आवाज जाडाभरडा, पुरुषी... पण चड्डीखाली चक्क चार सडांची कास. मामांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला.

"अगं, कास हाय की याला! बैलाला कास? काढणाऱ्यानं येकदा तरी गोठ्यात डोकावायचं न्हाई का? लई घाण काम हाय हे."

"मग टम्मू मुलगी आहे का, आजोबा?"

"ते बी वाटंना. वशिंड बघ केवढं हाय..."

त्या सुटीत घरात दुसरा विषय नव्हता. चष्मा पुसून मामा टीव्हीला नाक लावून उभे राहायचे आणि शेजारीपाजारी ती गंमत बघायला यायचे. पंगतीतल्या पाहुण्यांनी तिथूनच किस्सा उचलला होता.

पण याच पाहुण्यांनी एकेकाळी मामांना काय विचारलं होतं, ते पंगतीत कुणी काढलं नाही. म्हशीचं विचारता विचारता लोक हळूच सुनेवर यायचे. तुमच्या ओळखीत असेल की कुणी मशीनवाला, आतलं बघून सांगणारा... मामा अशांना दवाखान्यातून हाकलून द्यायचे. हे पाहुणे त्यातलेच. आणि त्यांना नावं ठेवणारा मी तरी कोण? माझी थोरली चार वर्षांची होती, बायकोला पुन्हा दिवस गेले होते. तिला न सांगता मी देगलूरची एसटी पकडली. एका अडलेल्या म्हशीला मोकळं करून मामा नुकतेच हात धूत होते. मी विचारलं. त्यांचे हात साबणासकट तसेच थांबले.

"दत्ता, तीस वर्षं शेणामुतात हात घालून राहिलोय. किळस कवा आली न्हाई. आज आली."

मी काहीतरी सारवासारव करू लागलो. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"जल्मल्यावर बघ. त्याच्या आदी हिकडं फिरकलास, तर सूनबाईला समदं सांगीन."

परतीच्या एसटीत मला स्वतःची लाज वाटली, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला मामांचाच राग आला होता. लाज यायला रेवा यावी लागली. ती सव्वा महिन्याची झाली तेव्हा मामा लातूरला आले, तिला मांडीवर घेऊन तासभर बसले, माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पुढे बोलू लागले, पण ती गोष्ट त्यांनी ना माझ्यापाशी काढली, ना घरात कुणापाशी. आज स्वतःची किळस येते ती त्यांच्या त्या गप्प राहण्यामुळेच जास्त.

तेराव्याला पानावरून उठलो तो थेट मामांच्या खोलीत गेलो. रेवा तिथं एकटीच उभी होती. आता सातवीत आहे. टीव्हीच्या वर खिळ्याला दवाखान्याचा एक जुना केसपेपर अडकवला होता, त्याला तिनं लहानपणी काढलेलं टम्मूचं चित्र टाचलेलं. रकाने मामांच्या अक्षरात भरलेले. मालक : रेवा. जनावर : टम्मू. वय : मालकिणीएवढे. तक्रार : चड्डी घट्ट. लिंग : मालकिणीचा जीव आहे, बाकी विचारू नये.

"बाबा, सुटीभर तर आजोबा ह्यावरूनच भांडत होते," रेवा म्हणाली, "मग असं का लिहिलं?"

"काय की," मी म्हणालो.

खोटं बोललो. रेवा रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, तिची आईही वाचते. म्हणून इथं लिहितोय. रेवा, तू जन्मायच्या आधी आजोबांना एकानं हेच विचारलं होतं, तुझ्याबद्दल. तो मी.