चाचांचा कान आणि खाऱ्या पाण्याचे पंप

ज्या धंद्यात रोज कुणाच्या तरी घरात जाऊन स्टुलावर चढावं लागतं, त्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. तुम्ही कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे असता आणि घरातली माणसं तुम्हाला विसरून आपापलं बोलत असतात. निघताना पिशवीत एक बिघडलेला पंप असतो आणि डोक्यात एक गोष्ट. पंप दुरुस्त होऊन परत जातो, गोष्ट आपल्याकडेच राहते.

आमचा धंदा लातुरात माशांच्या टाक्यांचा, त्यातही खाऱ्या पाण्याच्या. समुद्र इथून इतका लांब की आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी तो पाहिलेलाही नाही. लातूर, उदगीर आणि नांदेड मिळून अशा टाक्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या सगळ्या आम्हीच सांभाळायचो. आम्ही म्हणजे मी आणि मुनीरचाचा.

अशा टाकीत सगळा जीव पंपात असतो. तो पाणी फिरवत ठेवतो म्हणून पाण्यात हवा मिसळते. तो थांबला की काही तासांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. म्हणून महिन्यातून एकदा पंप काढायचा, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, आतली फिरकी टूथब्रशनं घासायची, पांढरा थर काढायचा आणि परत लावायचा. काम सोपं आहे. अवघड आहे ते पंप बंद पडायच्या आधी ओळखणं, आणि ते फक्त चाचांना जमायचं.

चाचा मूळचे नांदेडचे. उभं आयुष्य त्यांनी बोअरच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्या. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "दांडी झिजली." "मीठ बसलंय." "हा अजून दोन महिने चालतोय, हात लावू नका." त्यांचा निकाल चुकलेला मी पाहिला नव्हता.

पहिल्यांदा मी त्यांच्या हातात टाकीचा पंप दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. एकही स्क्रू नाही, सगळं कॉइल प्लास्टिकचा रस ओतून बंद केलेलं. त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो भरायचा कुठून?"

"भरता येत नाही चाचा. कॉइल जळालं की फेकायचा."

"जी मोटर उघडत न्हाई," चाचा म्हणाले, "ती बनवणाऱ्याला सवतावरच भरोसा न्हाई."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात हजर होते.

*

नांदेडला एका लॉजच्या काउंटरमागं आमची टाकी होती. मॅनेजर फार जबाबदार माणूस. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडून जायचं, तसं तो रोज मापानं मीठ कालवून खारं पाणी भरायचा. महिन्याभरात पंपावर मिठाचा असा थर चढला की फिरकी जागची हलेना. मासे कोपऱ्यात दडून बसलेले.

"समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच भरायला पाहिजे ना?" मॅनेजर म्हणाला.

चाचांनी पंप काउंटरवर ठेवला. "साहेब, डाळ आटली तर तुमी परत मीठ घालता का?"

मॅनेजरनं आत आवाज दिला आणि साध्या पाण्याचा जार मागवला. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे मी नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून पाहिलं, पण चाचांच्या डाळीइतकं ते कुणाच्याच डोक्यात बसलं नाही.

*

उदगीरचे आप्पा म्हणजे आमचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक. धान्याची अडत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आयुष्यभर सौद्यात ओरडून ओरडून आवाज असा झालेला की आप्पा कानात बोलले तरी ते रस्त्यावर ऐकू जायचं. टाकी अडतीच्या गादीसमोर. आप्पांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची आणि दिसली की ते ती बाजारभर सांगायचे. चाचा आत शिरले की "शरणार्थ आप्पा" म्हणायचे, आप्पा "सलाम चाचा" म्हणायचे, आणि लगेच तक्रार सुरू.

एका खांडेनवमीला दुपारी आप्पांचा फोन आला, मासे कसंतरी करायलेत म्हणून. मी विचारलं, पंप चालू आहे का?

"आज कसा चालंल? आज मशीनची पूजा न्हाई का?"

आप्पांनी पंप टाकीतून काढून, धुऊन, पाटावर मांडला होता. काट्याशेजारी, तिजोरीशेजारी. त्याला विभूती लावली होती, झेंडूचा हार घातला होता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला विश्रांती होती. त्यांच्या टाकीत आम्ही मुद्दाम दोन पंप लावले होते, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. आप्पांनी दोन्ही काढले होते.

"दोघं भावासारखे हायत," आप्पा म्हणाले. "एकाची पूजा अन् एकाला काम, हे बरं दिसतंय का?"

चाचांनी माझ्या हातातला फोन घेतला. पूजा मोडा असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आप्पांना तांब्या घ्यायला सांगितलं. टाकीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचं, थांबायचं नाही. आम्ही उदगीरला पोचलो तेव्हा अडतीतले दोन हमाल आळीपाळीनं तेच करत होते. आप्पा गादीवर बसून त्यांना हाळी देत होते. मासे जिवंत होते.

चाचांनी चपला काढल्या, पाटासमोर बसले आणि पंपाकडे बघत म्हणाले, "आप्पा, पूजा पोचली. आता ह्या मशीनलाच इचारा, तिला बसून ऱ्हायला आवडतंय का."

आप्पांनी खरोखर हात जोडले आणि पंप आमच्या हातात दिले. विभूती मात्र चाचांनी आधी नीट धुऊन काढली.

*

त्या काळात उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा पुन्हा सुरू झाली होती. आप्पांनी मला सहा फुटांची टाकी सांगून ठेवली. जिल्हा झाला की कलेक्टरसाहेब येणार, ते अडत बघायला येणार, मग त्यांना काय ही चार फुटांची दाखवायची?

"कदी आणू?" चाचांनी विचारलं.

"जिल्हा झाला की."

"मंग आप्पा, काचवाल्याला सांगतो, घाई न्हाई म्हणून."

आप्पा रागावले आणि त्यांनी चहा न विचारता आम्हाला वाटेला लावलं. लातूर येईपर्यंत चाचा हसत होते.

*

मग दुष्काळ आला. लातुरात नळ कोरडे, बोअर कोरडे, पाणी रेल्वेनं यायला लागलं. माणसं कुठंही जाताना प्लास्टिकचे कॅन सोबत घेऊन जायची, न जाणो कुठं मिळालं तर.

बालरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, आमची टाकी होती. सुई घ्यायला आलेली लेकरं तिच्यासमोर गप्प व्हायची म्हणून बाईंनी ती लावली होती. आता तीच टाकी बाईंना नकोशी झाली. रांगेत बसलेल्या आया काचेतल्या पाण्याकडे बघायच्या. त्यातली एक एकदा सरळ म्हणाली, "माशाला हाय, आमाला न्हाई." डॉक्टरबाई आपल्या घरच्या जारमधलं पाणी टाकीत घालायच्या आणि तेही दवाखाना उघडायच्या आधी, कुणी नसताना.

एका सकाळी त्यांचा फोन आला, पंप भयंकर आवाज करतोय. आम्ही गेलो. दारातूनच घरघर ऐकू येत होती. टाकीची पातळी चांगलीच उतरली होती आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता. आदल्या संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी टाकीतून कॅन भरून नेले होते.

पातळी मी पाहिली, पण चाचा तोवर सवयीनं पंपापाशी गेले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेस चाललाय. काई न्हाई."

मला वाटलं चेष्टा करताहेत. बाईंकडे पाहिलं, त्या चाचांकडे बघत होत्या. चाचांनी डोळे उघडले, आमचे चेहरे पाहिले, मग टाकीतलं पाणी पाहिलं आणि हळूच स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मी पंप बंद केला. पंप हाताला भाजत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर दोन कॅन ठेवलेले होते, तोंडापर्यंत भरलेले, बूच घट्ट लावलेले. बाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पाणी नेणाऱ्यानं ते रागानं ओतूनही दिलं नव्हतं. त्या दिवसापासून बाईंनी घरच्या वाट्यातला एक जार दवाखान्याच्या दारात ठेवायला सुरुवात केली, आणि टाकीची वरची बाजू काचेनं झाकून घेतली.

*

डॉक्टरबाईंनी चाचांना एकदा आत बोलावलं. मी सोबत होतो. त्यांच्या पाठीमागं उभं राहून बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "चाचा, चहा घेणार?" चाचा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

बाईंनी पुढं येऊन त्यांना मोठ्यानं, सावकाश समजावलं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मशीन मिळतं, लहानसं असतं, दिसतही नाही.

चाचा उठले. "बाई, मी कानात मशीन लावून पंप तपासायला गेलो तर लोकं काय म्हणतील? ह्याला सवताची मोटर दुरुस्त करता येईना."

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "कुणाला सांगू नको, प्रकाश."

मला फार वाईट वाटलं. चाचांच्या घरी ते आणि चाची, दोघंच. पैशाची तशी ओढ नव्हती, मुलगा हैदराबादहून पाठवायचा. पण चाचांना सकाळी घराबाहेर पडायला हे एकच काम होतं. लोक त्यांना बोलवायचे ते त्यांच्या कानासाठी. तो गेला हे कळलं असतं तर त्यांना कुणी हाडतूड केलं नसतं, फक्त फोन माझ्या एकट्याच्या नावानं आले असते.

मग मी सांभाळून घ्यायला लागलो. चाचा ऐकायचे, त्यांच्या मागं उभा राहून मीही ऐकायचो. ते "बेस" म्हणाले की मी म्हणायचो, "चाचा, आलोच आहोत तर धुऊनच टाकू." कधी निभायचं, कधी गिऱ्हाईक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायचं.

*

आणि त्याच उन्हाळ्यात उदगीरहून आप्पांचा फोन आला. एक पंप लई आवाज करायलाय, दोन दिवस झाले, गादीवर बसवंना, चाचांना घेऊन या.

मी एकटाच जायला निघालो होतो. नेमके चाचा दुकानात आले आणि काही न विचारता गाडीत बसले. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं. बाकीच्या ठिकाणी झाकलं, आप्पांकडे कसं झाकणार? आप्पा सकाळी जे बोलतील ते दुपारपर्यंत अख्ख्या मोंढा बाजारात झालेलं असायचं आणि संध्याकाळी लातुरात.

अडतीच्या पायऱ्या चढतानाच मला पंप ऐकू आला. दगडावर दगड घासावा असा आवाज. आत आप्पा गादीवर, शेजारी मुनीम, आणि माल घेऊन आलेले दोन शेतकरी बाकावर बसलेले. आवाजामुळं मुनीम कपाळाला आठ्या घालून लिहीत होता.

"शरणार्थ आप्पा," चाचा म्हणाले.

"सलाम चाचा. बगा बरं, काय झालंय ह्या मशीनला."

मी पिशवी घेऊन पुढं सरकलो, पण चाचा स्टुलावर चढलेसुद्धा. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ ते तसेच राहिले. खोलीत पंपाच्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं. दोघंही शेतकरी टाकीकडे बघत होते.

चाचांनी डोळे उघडले.

"आप्पा, काई न्हाई. आवाज न्हाई. एकदम बेस हाय."

मुनीमानं पेन खाली ठेवलं. "चाचा, आवो, ह्यो येवढा..."

"काय येवढा?" आप्पा त्याच्याकडे वळले.

मुनीमानं आप्पांकडे पाहिलं. मग टाकीकडे, मग परत आप्पांकडे.

"न्हाई," तो म्हणाला. "काई न्हाई."

आप्पा गादीवरून उठले, स्टुलाजवळ आले आणि चाचांना खाली उतरायला हात दिला. मग त्यांच्या अगदी समोर उभं राहून, सौद्यातल्या आवाजात, बाकावरच्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाले,

"दोन दिवस डोकं उठवलं व्हतं हिनं. तुमी आलाव अन् बंद झाली बगा. म्होरल्या महिन्यालाबी तुमीच या."