चंद्र बघून सुट्टी देणारा देश

मंडळी, आत्ताच एका जेवणावरून घरी आलेय आणि डोकं तापलंय.

इथे परदेशात, बॉथेलच्या आमच्या मराठी ग्रुपमधला समीर गेल्या आठवड्यात मोरोक्को फिरून परतला. आज सुषमाकाकूंकडे सगळे जमलो, तर सुरुवातीपासून त्याचंच रडगाणं. रमझान ईदला दुकानं बंद, म्युझियम बंद, गाइड सुट्टीवर. "आणि ईद नक्की कधी, हे आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नाही. म्हणे चंद्र दिसला की सुट्टी. काय देश आहे यार."

ईद एक दिवस मागेपुढे होऊ शकते, हे गाइडने बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. वर त्याने ईदला घरी जेवायलाही बोलावलं होतं. साहेब गेले नाहीत. हॉटेलात बसून कपातल्या नूडल्स खाल्ल्या आणि गाइडला एक स्टार देऊन मोकळे झाले. तो रिव्ह्यू आज मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. आमचे लोक माना डोलवत होते.

मग काकूंनी जेवायला वाढलं. समीरपुढे ताट आलं, तर हा म्हणतो, "मी थांबतो काकू. आज संकष्टी आहे ना, चंद्र दिसल्याशिवाय मी जेवत नाही."

आणि गेला घरामागच्या डेकवर. बाहेर नेहमीचं ढगाळ आभाळ. आमची जेवणं उरकली तरी हा मान वर करून उभाच.

शेवटी मी विचारलं, "या चंद्राला किती स्टार देणार?"

"हे वेगळं आहे," तो म्हणाला.

वेगळं म्हणजे नेमकं काय, कुणी सांगेल का? चंद्र तर तोच होता.